कॅथलिक नित्यप्रार्थनेतील आनंद

मराठी वाचकाला ख्रिस्ती भक्तीचा परिचय सामान्यतः दोन वाटांनी होतो. एक वाट रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कवितेची आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'ची; दुसरी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची. पहिली वाट प्रॉटेस्टंट पंथाची. ती आपल्या अभ्यासक्रमांतून रुळलेली असल्याने बरीच ओळखीची आहे. दुसरी वाट कॅथलिक पंथाची. तिच्याकडे आपण भाषेच्या इतिहासातील एक कुतूहलाचा विषय म्हणून पाहतो, जुन्या रूपांची नोंद करतो, आणि पुढे निघून जातो. ज्या श्रद्धेने हे पुराण रचविले, आणि जी श्रद्धा गोव्यात, वसईत व कारवारपासून मंगळूरपर्यंतच्या किनाऱ्यावर हजारो घरांतून रोज संध्याकाळी उच्चारली जाते, ती रोजच्या जगण्यात कोणते काम करते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

प्रश्न विचारला जात नाही म्हणून उत्तर मिळत नाही, एवढेच नव्हे. तर उत्तराच्या जागी एक गैरसमज येऊन बसतो. क्रूसावर खिळलेली मूर्ती, पापांची कबुली, गुडघे टेकून केलेली याचना, गुड फ्रायडेची शोकमय मिरवणूक ही बाहेरून दिसणारी चिन्हे पाहून हा धर्म दुःखाचाच उपासक असावा असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. प्रस्तुत लेखात आम्ही या समजुतीची तपासणी करू इच्छितो. कॅथलिक घरातील नित्याची प्रार्थना कशी असते, तिच्यात आनंदाला कोणते स्थान आहे, आणि तो आनंद आपल्या भाषेशी कसा बांधला गेला आहे, एवढेच या विवेचनाचे क्षेत्र आहे. धर्मतत्त्वांची चिकित्सा हा आमचा विषय नव्हे.

प्रथम 'आनंद' या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. सुख हे परिस्थितीवर अवलंबून असते. हर्ष हा प्रसंगाने उसळतो व प्रसंगाबरोबर ओसरतो. ख्रिस्ती परंपरेला अभिप्रेत असलेला आनंद या दोहोंहून निराळा आहे. संत पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात आनंदाचा आग्रह पुनःपुन्हा धरला आहे, आणि ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिले आहे. ज्याच्या हातापायांत बेड्या आहेत तो बाहेर असणाऱ्यांना आनंदी राहण्यास सांगतो, याचा अर्थ असा की या आनंदाचे मूळ परिस्थितीत नाही. आपण कोणाचे तरी आहोत, आपल्याला कोणी टाकलेले नाही, या विश्वासात ते आहे. म्हणूनच तो सुखाप्रमाणे आपोआप येत नाही. तो आठवावा लागतो. आणि आठवण्याची जी रोजची रीत, तिलाच हे लोक प्रार्थना म्हणतात.

चर्चचे वार्षिक पंचांगही याच तत्त्वावर रचलेले आहे. नाताळापूर्वीचा आगमनकाल आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ हे दोन्ही संयमाचे काळ; या दिवसांत धर्मगुरूंचा उपासनेचा पोशाख जांभळा असतो. परंतु आगमनकालाचा तिसरा आणि उपवासकाळाचा चौथा रविवार या दोन दिवशी तो रंग बदलून गुलाबी करता येतो. या दोन्ही रविवारांची लॅटिन नावे 'आनंद करा' अशाच अर्थाच्या शब्दांवरून पडली आहेत. संयमाच्या मध्येच आनंदाची खूण ठेवावयाची, शेवटी बक्षीस म्हणून ठेवावयाची नाही, ही यातील दृष्टी आहे. अलीकडच्या काळात पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली ख्रिस्ती आनंद या विषयावर स्वतंत्र पत्र प्रसिद्ध केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली आपल्या पहिल्याच मोठ्या उपदेशपत्राच्या शीर्षकात शुभवर्तमानाचा आनंद हा शब्दप्रयोग योजिला. तेव्हा आनंद हा या परंपरेच्या कडेचा नव्हे, तर मध्यभागाचा शब्द आहे.

आता ही आठवण दिवसाच्या व्यवहारात कशी गुंफली जाते ते पाहू.

गोव्यातील जुन्या गावांत दिवसाचे तीन भाग चर्चच्या घंटेने पडत. पहाटे, मध्यान्ही व सूर्यास्ताच्या सुमारास ही घंटा वाजते. तिच्यासोबत म्हणावयाची प्रार्थना लहानशी असते: देवदूत गाब्रिएल याने नाझरेथच्या मरियेला दिलेला निरोप, तिने दिलेला होकार, आणि शब्दाने घेतलेला देह या तीन गोष्टींचे तीन वाक्यांत स्मरण, व प्रत्येकानंतर एकदा 'नमो मरिये'. कोकणी बोलणारे गोमंतकीय संध्याकाळच्या घंटेला 'आमोरी' म्हणतात. आमोरी झाली की शेतातला मनुष्य क्षणभर थांबे, वाटेने जाणारा डोक्यावरचे काढी, आणि खेळणारी मुले घराकडे वळत. मिनिट-दोन मिनिटांची ही क्रिया. परंतु तिचे वैशिष्ट्य असे की ती मनुष्याला काम सोडून मंदिरात बोलावीत नाही. ज्या जागी तो उभा आहे त्याच जागी त्याला थांबविते. ईस्टरपासून पुढचे पन्नास दिवस हीच प्रार्थना बदलते व तिच्या जागी मरियेला उद्देशून आनंद करण्याचे आवाहन करणारी दुसरी प्रार्थना येते. म्हणजे वर्षातले सात आठवडे दिवसातून तीन वेळा घंटा लोकांना आनंदाचीच आठवण देत असते.

घंटेनंतर येतो तो 'तेर्स'. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'एकतृतीयांश' असा आहे. रोझरी म्हणजे मरियेची जपमाळ; तिच्या परंपरागत पूर्ण आवर्तनात दीडशे वेळा 'नमो मरिये' म्हटले जाई. ही संख्या स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांवरून आली. ज्यांना स्तोत्रे वाचता येत नसत त्यांच्यासाठी ही माळ होती. घरात एका संध्याकाळी तिचा तिसरा हिस्सा, म्हणजे पाच दशके, म्हणावयाची म्हणून 'तेर्स'. पुढे २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी मूळच्या पंधरा रहस्यांत आणखी पाचांची भर घातली. त्यामुळे गणिताच्या हिशेबाने आजचा तेर्स हा एकचतुर्थांश झाला आहे. शब्द मात्र जुनाच राहिला. भाषेच्या अभ्यासकाला ही गोष्ट मौजेची वाटेल.

माळ ओढीत तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणण्यात कसला आनंद, अशी शंका घेतली जाते. नामस्मरणाची परंपरा जाणणाऱ्या मराठी माणसाला तिचे उत्तर बाहेर शोधावे लागू नये. शब्दांची पुनरावृत्ती ही मनाला बसण्यासाठी अंथरलेली सतरंजी असते; मन बसते ते रहस्यावर. प्रत्येक दशकास ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या चरित्रातील एक प्रसंग नेमून दिलेला असतो. त्यांतील पहिल्या पाच प्रसंगांना 'आनंदाची रहस्ये' असेच नाव आहे. हे पाच प्रसंग कोणते ते पाहण्यासारखे आहे. एका मुलीला मिळालेला निरोप, गरोदर असलेल्या वयस्क नातलग स्त्रीच्या मदतीसाठी तिने डोंगराळ मुलखात केलेला प्रवास, मुलाचा जन्म, त्याला घेऊन मंदिरात जाणे, आणि बारा वर्षांचा तो मुलगा यात्रेत हरवला असता तीन दिवसांनी त्याचे सापडणे. यांत राज्याभिषेक नाही, विजय नाही, शत्रूचा नाश नाही. निरोप, भेट, बाळंतपण, देवदर्शन आणि हरवलेले मूल सापडणे हे कोणत्याही घरात घडणारे प्रसंग आहेत. तेर्स म्हणणारी आजी यांपैकी बहुतेक सर्व प्रसंग स्वतः जगलेली असते. आपल्या आयुष्यातील साध्या घटनांना पवित्र चरित्रात जागा आहे हे तिला रोज संध्याकाळी कळते. या कळण्यालाच ती आनंद म्हणते.

शिवाय हेही लक्षात घेतले पाहिजे की या पाच प्रसंगांत भीतीही आहे. निरोप ऐकून मुलगी घाबरते. मंदिरात भेटलेला वृद्ध शिमोन तिला भावी दुःखाची सूचना देतो. मूल हरवते तेव्हा आईबाप कासावीस होतात. आनंदाच्या रहस्यांतून दुःख वगळलेले नाही. त्यामुळे ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्या घरातही ती म्हणता येतात.

तेर्स संपल्यावर लहानांनी वडीलधाऱ्यांचे 'बेसांव' मागावयाचे, ही गोमंतकीय कॅथलिक कुटुंबांची जुनी रीत. 'बेसांव' हा आशीर्वादवाचक पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश होय. मुले हात जोडून आजी-आजोबांपासून थोरल्या भावंडांपर्यंत सर्वांसमोर क्रमाने जातात, आणि मोठी माणसे त्यांना आशीर्वाद देतात. दिवसभरात घरात जे रुसवेफुगवे झाले असतील ते येथे मिटतात, कारण ज्याच्यावर राग आहे त्याचेही बेसांव घ्यावेच लागते. सांजवात लावून शुभंकरोति म्हणणारी व मोठ्यांच्या पाया पडणारी मुले ज्या घरांत वाढली, त्या घरांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. शब्द पोर्तुगीज असेल. संध्याकाळ आपलीच आहे.

प्रार्थना घराबाहेर पडते तेव्हा ती सण होते. पावसाळ्याच्या आरंभी, २४ जून रोजी, गोव्यात 'सांजांव' साजरा होतो. हा संत योहान बाप्तिस्मा याचा जन्मदिवस. लूकच्या शुभवर्तमानात अशी कथा आहे की गरोदर मरिया आपली नातलग अलीशिबा हिच्या घरी आली तेव्हा अलीशिबेच्या उदरातील बालकाने आनंदाने उडी घेतली. ते बालक म्हणजे योहान. पावसाने भरलेल्या विहिरींत व तळ्यांत तरुण मंडळी डोक्यावर पानाफुलांचे 'कोपेल' घालून उड्या घेतात, आणि त्या उडीचा संबंध लोकपरंपरा या उदरातील उडीशी जोडते. नव्या जावयाचा मान याच दिवशी होतो. पाऊस, पाणी, जावई आणि शुभवर्तमान यांची अशी सांगड घालावयास कोणत्याही धर्मपीठाने सांगितले नसेल. ती लोकांनी घातली.

भाताची पहिली कणसे तयार झाली की 'कणसांचे फेस्त' येते. साष्टीतील राय गावी ते ५ ऑगस्टला होते, तिसवाडीतील ताळगावी २१ ऑगस्टला. धर्मगुरू शेतातील पहिली कणसे आशीर्वादित करतात. ती कणसे घरोघर नेऊन देव्हाऱ्यापाशी ठेवली जातात. गोव्यातील हिंदू घरांत गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी 'नव्याची पंचम' होते व नवी कणसे पूजिली जातात. शेत एक, भात एक, कृतज्ञता एक. फक्त नाम निराळे. म्हापशाच्या सां जेरोनिमो चर्चमधील मिलाग्रिस सायबिणीला हिंदू भाविक तेल वाहतात व तिला शिरगावच्या लईराईची बहीण मानतात, हे तर सर्वश्रुतच आहे. आनंदाच्या प्रसंगी लोक एकमेकांची दारे ओळखतात, एवढे यावरून म्हणता येईल.

येथपर्यंतचे चित्र सुखद आहे. परंतु त्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोव्यात ही श्रद्धा ज्या मार्गाने आली तो मार्ग सर्वत्र आनंदाचा नव्हता. १५६७ च्या सुमारास साष्टी प्रांतातील देवळे मोठ्या संख्येने पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले, आणि त्यानंतर त्या गावच्या प्रमुखांना पोर्तुगीज सत्तेने ठार केले. ज्या लोकांची देवळे गेली, ज्यांची पुराणे ऐकण्याची सोय गेली, त्यांनी आनंद कोठून आणावा?

'ख्रिस्तपुराणा'चा जन्म या प्रश्नाच्या पोटी झाला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात विल्टशायर परगण्यात जन्मलेला जेझुइट. तो १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतचा बहुतेक काळ साष्टीतच राहिला. कुंकळ्ळीच्या घटनेनंतर आपल्या सहकाऱ्यांचे मृतदेह मिळविण्याचे काम त्यानेच केले. पुराणाच्या आरंभी अशा आशयाचा प्रसंग आहे की नवख्रिस्ती लोक म्हणतात, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग त्यांच्यासारखे दुसरे काही आम्हांला का देत नाही? ही मागणी धर्मज्ञानाची नाही. धर्मोपदेशाची प्रश्नोत्तरे त्यांना मिळतच होती. त्यांना हवे होते ते एकत्र बसून ऐकण्यासारखे, चालीवर म्हणण्यासारखे, मन रमविणारे असे काहीतरी. उपदेश पुरेसा नाही, आनंदही हवा, हे त्या लोकांनी आपल्या धर्मगुरूला शिकविले असेच म्हटले पाहिजे.

स्टीफन्सने ही मागणी ऐकली. १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापलेले हे पुराण सुमारे ११,००० ओव्यांचे असून त्याचे दोन भाग आहेत: पहिला जुन्या कराराच्या कथांचा, दुसरा ख्रिस्तचरित्राचा. भाषा मराठी, परंतु साष्टीच्या लोकांना सहज कळावी म्हणून तीत कोकणी शब्दांची भर. छंद ओवीचा. स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटले. ज्या शब्दांवर श्रोत्यांचे प्रेम होते तेच शब्द त्याने वापरले, कारण प्रेम नसलेल्या शब्दांतून आनंद पोचत नाही. रविवारी व सणाच्या दिवशी दुपारी हे पुराण चर्चमध्ये वाचले जाई. ख्रिस्तचरित्रात काना गावच्या लग्नाची कथा आहे. योहानाच्या शुभवर्तमानानुसार येशूचा पहिला चमत्कार हा रोग्याला बरे करण्याचा किंवा मृताला उठविण्याचा नसून लग्नघरी द्राक्षारस संपला असता यजमानाची लाज राखण्याचा आहे. सहा दगडी रांजणांतले पाणी द्राक्षारस झाले. लग्नघरात काही कमी पडणे म्हणजे काय, हे आपल्याकडील कोणत्या वधूपित्याला समजावून सांगावे लागेल?

पुढील शतकात राज्यकर्त्यांची दृष्टी बदलली. २७ जून १६८४ च्या फर्मानाने गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांना तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा आदेश दिला. १७३६ साली इन्क्विझिशनने जे निर्बंध जाहीर केले त्यांत लग्नघरी ओव्या गाण्यास मनाई होती. केवळ जाहीरपणे नव्हे, तर खासगीतही. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. ज्या सत्तेने धर्म आणला तिला शेवटी भीती वाटली ती लोकांच्या गाण्याची. प्रार्थना लॅटिनमध्ये चालेल, प्रश्नोत्तरे पोर्तुगीजमध्ये चालतील. परंतु नवरीला न्हाऊ घालताना बायका ज्या भाषेत हसतात त्या भाषेवर कोणाचे नियंत्रण चालत नाही.

आणि ते चाललेही नाही. गोव्यातून दक्षिणेस कानडी मुलखात गेलेल्या कॅथलिक कुटुंबांत लग्नाच्या आदल्या दिवशी 'रोस' होतो. वधूवरांना नारळाचा रस लावतात आणि त्या वेळी 'वोवयो' गातात. वोवी म्हणजे ओवीच. आरंभी क्रूसाची खूण करून देवाचे नाव घेतले जाते, आणि मग आईबापांची, मामाची, विहिणीची पाळी येते. 'ख्रिस्तपुराणा'चेही तसेच झाले. सतराव्या शतकातील छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. परंतु मंगळूरकडील कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, आणि त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा प्रकाशात आणला. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाली, व तो मराठी वाचकाच्या हाती त्याच्या लिपीत आला. हाताने ११,००० ओव्या उतरून काढणे हे कोणी कोणावर लादू शकत नाही. सक्तीने माणसाला चर्चमध्ये आणता येते; रात्री दिव्यापाशी बसून पुराण उतरवावयास लावता येत नाही. जेथे हे दुसरे काम घडले तेथे लादलेली गोष्ट लोकांनी आपली करून घेतली होती, असाच निष्कर्ष निघतो. इतिहासातील अन्याय यामुळे पुसला जात नाही. परंतु ज्यांच्यावर तो झाला त्यांच्या वंशजांची श्रद्धा केवळ अन्यायाचे फलित म्हणून मोजणे हाही त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.

या विवेचनात एक अंग राहिले, ते कामाचे. प्रार्थनेसाठी काम थांबविणे ही एक रीत झाली. कामालाच प्रार्थना करणे ही तिच्याही पुढची पायरी. सोळाव्या शतकातील स्पेनमधील संत तेरेसा ही आपल्या मठातील भगिनींना बजावीत असे की आज्ञेने स्वयंपाकघरात काम करावे लागले तर खंत करू नये, कारण देव तेथील भांड्यांतही वावरतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा सेवक होता. तो पंधरा वर्षांच्या आसपास स्वयंपाकी होता व पुढे चपला दुरुस्त करी. गडबडीच्या स्वयंपाकघरात आणि शांत प्रार्थनामंदिरात आपल्याला देवाचे सान्निध्य सारखेच वाटते, असा त्याचा अनुभव होता. मराठी वाचकाला येथे मळ्यातील सावता माळी, चिखल तुडविणारा गोरा कुंभार आणि जात्यापाशी बसलेली जनाबाई यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. साम्य खरे आहे, परंतु भेदही सांगितला पाहिजे. वारकरी संतांना कामातच विठ्ठल भेटतो, आणि काम हेच त्याचे रूप होते. कॅथलिक विचारात देव आणि काम एकरूप होत नाहीत; देवाने स्वतः सुताराच्या घरी राबून कामाला प्रतिष्ठा दिली, म्हणून काम त्याला अर्पण करता येते, असा तेथील क्रम आहे. दोन्हीकडे जात्याची घरघर सारखीच. तिच्यामागचा सिद्धान्त भिन्न. वर्गात तुलना करताना साम्याच्या उत्साहात हा भेद बुजवू नये असे आम्हांस वाटते.

एकोणिसशे साठच्या दशकापर्यंत कॅथलिकांची मुख्य उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिनमध्येच होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज संमत केला त्याने लोकभाषांना वेदीपर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर गोव्यात कोकणी व वसईत मराठी मिस्सेची भाषा झाली. स्टीफन्सने साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखलेली गोष्ट अशी उशिरा मान्य झाली. वसई भागातील ख्रिस्ती समाजाने तर मराठीला धर्मभाषा आणि साहित्यभाषा अशा दोन्ही नात्यांनी आपलेसे केले आहे. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना 'सुबोध बायबल' या ग्रंथासाठी साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. एका कॅथलिक धर्मगुरूने संमेलनाचे अध्यक्षपद भूषवावे ही घटना काहींना नवी वाटली. 'ख्रिस्तपुराणा'चे वय ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती उशिराची वाटली असेल.

आज या नित्यप्रार्थनेपुढे संकट आहे, ते कोणत्या फर्मानाचे नाही. घरे लहान झाली, मुले दूरदेशी गेली, संध्याकाळच्या वेळेवर पडद्यांनी हक्क सांगितला. वाड्यावरच्या क्रूसापाशी व्हायोलिनच्या साथीने लादाईन गाणारे, आणि नंतर जमलेल्यांना उकडलेले चणे वाटणारे लोक अजून आहेत. परंतु लॅटिनमधील त्या चाली तोंडपाठ असणारी पिढी वृद्ध होत चालली आहे. हीच तक्रार शुभंकरोति, हरिपाठ आणि जात्यावरची ओवी यांविषयीही ऐकू येते. तेव्हा प्रश्न एका पंथाचा उरत नाही. दिवसातून एकदा सर्वांनी मिळून थांबावे, मिळालेल्याची आठवण करावी, आणि एकमेकांचे आशीर्वाद घेऊन ताटावर बसावे, ही सवय गेली तर तिच्याबरोबर भाषेचा एक संपूर्ण थर जातो: घरातला, संध्याकाळचा, गाऊन म्हणावयाचा. शब्दकोशात तो नोंदविता येईल. परंतु नोंद म्हणजे वापर नव्हे.

शिक्षकांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. 'ख्रिस्तपुराण' शिकविताना ओवी फळ्यावर लिहून रूपे विचारण्यापूर्वी ती मोठ्याने म्हणून दाखवावी. वर्गात कॅथलिक विद्यार्थी असेल तर त्याच्या घरी तेर्स कोणत्या भाषेत म्हणतात, बेसांव कसे मागतात, हे त्याच्याकडून ऐकावे. आणि नव्या भाताच्या सणांविषयी सर्वच मुलांना आपापल्या आजीकडून माहिती आणावयास सांगावी. अशा एका तासात मुलांना जे कळेल ते सलोख्यावरील अनेक भाषणांनी कळणार नाही. ज्याच्या घरची प्रार्थना आपण ऐकली आहे त्याला परका समजणे कठीण जाते.

कॅथलिक नित्यप्रार्थनेतील आनंद हा दुःखाचा विसर नसून मिळालेल्याचे रोजचे स्मरण आहे, आणि ते स्मरण आपल्याच ओवीत व आपल्याच संध्याकाळी चार शतके वस्ती करून आहे, एवढे जरी वाचकांच्या ध्यानी आले तरी प्रस्तुत लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.